बोजा ज्यानं चढवला, त्यानंच उतरवावा

‘सातबारा कोरा करा’ ही मागणी आमच्याकडे दर निवडणुकीत आणि दर मोर्चात ऐकू येते. २०२५ च्या जुलैत तर याच नावानं पापळ ते चिलगव्हाण अशी पदयात्रा निघाली. पापळ हे अमरावती जिल्ह्यातलं पंजाबराव देशमुखांचं गाव. चिलगव्हाण यवतमाळ जिल्ह्यातलं, १९८६ मध्ये सहकुटुंब जीव दिलेल्या साहेबराव करपेंचं. कर्जमाफी द्यावी की देऊ नये यावर दोन्ही बाजूंनी भरपूर लिहून झालं आहे, त्यात मला भर घालायची नाही. मी तहसीलसमोर टेबल टाकून बसणारा अर्जनवीस. माझं म्हणणं त्याहून लहान आहे आणि माफी मिळो न मिळो, ते तसंच लागू राहतं. कर्ज फिटलं म्हणून सातबारा आपोआप कोरा होत नाही. तो कोरा करून देण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर असली पाहिजे. आज ती फेडणाऱ्याच्या डोक्यावर आहे.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्र उतारा. सातमध्ये मालकाचं नाव, क्षेत्र, आकार, बारामध्ये पीकपाणी. सातच्या उजव्या अंगाला ‘इतर अधिकार’ असा रकाना असतो. गावातला जाणता माणूस उतारा हातात आला की नाव-क्षेत्र सोडून आधी तिकडे पाहतो. तिथे एखादी ओळ असते : ‘बोजा’, म्हणजे जमिनीवरचं येणं, पुढे संस्थेचं किंवा बँकेचं नाव, रक्कम, आणि कंसात फेरफार क्रमांक, म्हणजे उताऱ्यात हा बदल ज्या नोंदीनं झाला तिचा क्रमांक. एवढ्या एका ओळीवर वावराचा सौदा मोडतो, पोराचं शैक्षणिक कर्ज अडतं, भूसंपादनाचा मोबदला अडकून पडतो.

गंमत अशी की या ‘बोजा’ शब्दाखाली काय काय कोंबलं आहे हे बँकेतला बाबू, पटवारी आणि कास्तकार यांपैकी कुणीच कुणाला विचारत नाही. बँकेनं नोंदणी करून घेतलेलं गहाणखत हा बोजा. ताबा न देता केलेलं नजरगहाण हाही बोजा. गावच्या सहकारी सेवा सोसायटीनं कर्ज देताना सभासदाकडून लिहून घेतलेला इकरार, म्हणजे जमीन तारण असल्याचा लेख, हा बोजा. कोर्टाची जप्ती, सरकारी येणं, आजोबांनी दुष्काळात सरकारकडून उचललेलं तगाई कर्ज, बांधबंदिस्तीचा खर्च, सगळे बोजेच. रकान्यात सगळ्यांची मांडणी सारखी दिसते, पण कायद्यानं त्यांचा परिणाम सारखा नाही. ‘बोजा असला की जमीन विकता येत नाही’ असं गावात छातीठोकपणे सांगतात, ते अर्धंच खरं आहे. बँकेकडे साधं गहाण असलेली जमीन विकली तर व्यवहार आपोआप रद्द ठरत नाही. गहाण जमिनीबरोबर चालत जातं आणि घेणाऱ्याच्या उरावर बसतं. सोसायटीचा इकरार मात्र वेगळा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ प्रमाणे कर्ज पूर्ण फिटेपर्यंत इकरारातली जमीन सभासदाला विकता येत नाही आणि विकलीच तर तो व्यवहार निरर्थक ठरतो. म्हणजे चाळीस हजारांच्या सोसायटीच्या कर्जाची पकड चार लाखांच्या बँक कर्जाहून घट्ट असू शकते. खरेदीखतात आम्ही ठोकळेबाज वाक्य लिहितो, ‘सदर मिळकत निर्वेध व बोजारहित असून’. हे वाक्य लिहिताना समोरच्या दोघांपैकी किती जणांना त्याचा अर्थ ठाऊक असतो, हा प्रश्न मी स्वतःपुरता ठेवतो. धंदा आहे.

आता चढण्या-उतरण्याची गोष्ट. बोजा चढवायचा असतो तेव्हा सगळी यंत्रणा कशी तुरूतुरू चालते पाहा. बँक किंवा सोसायटीचा गटसचिव कागद तयार करतो, शेतकरी दाखवाल तिथे सही करतो, प्रस्ताव पटवाऱ्याकडे जातो. आता तर ‘ई-हक्क’ या ऑनलाइन अर्जाच्या प्रणालीतून बँकेला शाखेत बसूनच बोजा चढवण्याचा अर्ज करता येतो. गाव नमुना सहामध्ये फेरफार पडतो, हरकतीची नोटीस निघते, पंधरा दिवस जातात, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. कित्येकदा बोजा चढल्याचा उतारा पाहिल्याशिवाय कर्जाची रक्कम खात्यात पडत नाही. त्यामुळे घाई दोन्हीकडून असते.

कर्ज फिटल्यावर मात्र घाई एकाच माणसाला उरते. त्याचे पैसे भरून झाले, बँकेचं काम संपलं. मग नील दाखला, म्हणजे येणं बाकी नसल्याचा कागद, मागायचा. साहेब ट्रेनिंगला गेले. मग मिळाला तर तो घेऊन पटवाऱ्याकडे. (२०२४ मध्ये सरकारनं तलाठ्याचा ‘ग्राम महसूल अधिकारी’ केला. आमच्याकडे लोक तलाठीसुद्धा म्हणत नाहीत, अजून पटवारीच म्हणतात. पाटी बदलली, साझ्यातली गावं कमी झाली नाहीत.) पटवारी दाखला पाहतो आणि परत देतो, कारण त्यावर ‘खाते निरंक आहे’ एवढंच लिहिलेलं. कुठल्या गटावरचा, कुठल्या फेरफारानं चढलेला बोजा कमी करायचा, ते नाही. त्याचंही चूक म्हणता येत नाही. उद्या खोट्या दाखल्यावर बोजा उतरवला तर निलंबन त्याचं होईल. पुन्हा बँक, पुन्हा साहेब, पुन्हा बस.

माझ्या टेबलापाशी आलेलं एक प्रकरण सांगतो, गाव सांगत नाही. पाच एकराचा कास्तकार. वडिलांनी एका बँकेकडून विहिरीसाठी कर्ज घेतलं, फेडलं, पावत्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या आणि वारले. पुढे ती बँक दुसऱ्या मोठ्या बँकेत विलीन झाली. मुलगा नव्या बँकेत पीक कर्जाला गेला तर तिथे उताऱ्यावर जुन्या बँकेचं नाव दिसलं : आधी हा बोजा उतरवून आणा. तो विलीनीकरणानंतरच्या शाखेत गेला. तिथे उत्तर मिळालं की हे खातं आमच्या सिस्टीममध्ये दिसत नाही, मग आम्ही नील कशाच्या आधारावर लिहून देऊ? म्हणजे पैसे येणे आहेत असं कुणीही म्हणत नव्हतं आणि पैसे येणे नाहीत असं लिहून द्यायलाही कुणी तयार नव्हतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानायची असते. तेव्हा फिटलेलं कर्ज कागदावर जिवंत राहिलं. मृग लागला. बियाणं आणि खत त्यानं कृषी केंद्रातून उधारीवर उचललं, आणि कापूस निघाल्यावर तो केंद्रवाल्याच्याच ओळखीच्या व्यापाऱ्याला, तो देईल त्या भावात घालावा लागला. विहिरीच्या फिटलेल्या कर्जाचं व्याज त्या वर्षी असं भरलं गेलं. कुठल्याच खतावणीत ते दिसणार नाही.

हे प्रकरण विचित्र नाही, म्हणून तर लिहितोय. गेल्या काही वर्षांत किती पाट्या बदलल्या, आठवून पाहा. देना आणि विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या. २०२० मध्ये अलाहाबाद, आंध्र, कॉर्पोरेशन, सिंडिकेट ही नावं संपली. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत मिसळली. भूविकास बँका तर कधीच्या गुंडाळल्या, आणि त्यांच्या कर्जदारांची ९६४ कोटींची थकबाकी सरकारनं २०२२ मध्ये माफ केली. बँका एका अधिसूचनेनं विलीन होतात. सातबाऱ्यावरच्या ओळी तशा विलीन होत नाहीत. त्या एकेकट्या, एकेका शेतकऱ्याच्या अर्जानं, एकेका फेरफारानं कमी कराव्या लागतात.

माफीचंही हेच. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना असो की डिसेंबर २०१९ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात जाहीर झालेली महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना, सरकारनं पैसे बँकेच्या खात्यात भरले. खातं बेबाक झालं. सातबारा महसूल खात्याचा कागद आहे, बँकेच्या खातेवहीशी त्याची नाळ जोडलेली नाही. कागदाला माफीची खबर कुणीतरी द्यावी लागते, आणि तो ‘कुणीतरी’ म्हणजे पुन्हा शेतकरी.

हे सरकारलाही माहीत आहे. नाही असं नाही. बुलढाणा जिल्ह्यात सुरू झालेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम २०२५ मध्ये राज्यभर नेली गेली. पहिल्यांदा मयत खातेदारांच्या वारसांच्या नोंदी आणि पुढच्या टप्प्यात तगाई, बंडिंग, सावकारी कर्ज, अपाक शेरा (अज्ञान पालक कर्ता), एकुम्या (एकत्र कुटुंब मॅनेजर) असल्या कालबाह्य नोंदी काढणं. चांगलं काम आहे. अर्जनवीस म्हणून माझं थोडं नुकसान झालं तरी चांगलंच म्हणतो. पण मोहीम म्हणजे तुंबलेली नाली वर्षातून एकदा उपसणं. घाण जिथून येते ते तोंड उघडंच आहे. आजचा बोजा आज उतरला नाही, तर पंधरा वर्षांनी तोही कालबाह्य ठरेल आणि त्याच्यासाठी तेव्हाचा जिल्हाधिकारी नवी मोहीम काढेल.

तोंड बंद करायचा उपाय शोधायला लांब जायची गरज नाही. रिझर्व्ह बँकेनं १३ सप्टेंबर २०२३ ला एक परिपत्रक काढलं. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांच्या आत बँकेनं मूळ कागदपत्रं परत द्यायची, कुठल्याही नोंदवहीत बोजा नोंदवला असेल तर तो काढून घ्यायचा. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये कर्जदाराला द्यायचे. १ डिसेंबर २०२३ पासून लागू. व्यापारी बँका, ग्रामीण बँका, नागरी बँका, राज्य आणि जिल्हा मध्यवर्ती बँका, वित्त कंपन्या, सगळ्या त्यात आहेत. वाचताना वाटतं, चला, सुटलो. मग शीर्षक नीट पाहावं लागतं. हा नियम ‘वैयक्तिक कर्जां’साठी आहे. रिझर्व्ह बँकेच्या व्याख्येत वैयक्तिक कर्ज म्हणजे घरकर्ज, शैक्षणिक कर्ज, ग्राहकोपयोगी कर्ज, शेअर वगैरे घेण्यासाठीचं कर्ज. पीक कर्ज त्यात बसत नाही. नागपुरात फ्लॅट घेतलेल्या माणसाचा बोजा महिन्यात उतरला नाही तर त्याला रोजचे पाच हजार मिळतात. त्याच बँकेच्या कळमेश्वर किंवा घाटंजीच्या शाखेत कर्ज फेडलेल्या कास्तकाराला बसभाडंसुद्धा मिळत नाही.

दुसरा कायदा सरफेसी, थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला कोर्टाविना विकू देणारा. त्याच्या कलम २५ मध्ये कर्ज फिटल्याची खबर धनकोनं, म्हणजे कर्ज देणाऱ्यानं, ३० दिवसांत तारणांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय निबंधकाला द्यावी असं आहे. पण कलम ३१ नं शेतजमिनीवरचं तारण त्या कायद्यातून वगळलं आहे. हे वगळणं शेतकऱ्याच्या भल्यासाठी आहे, कारण कोर्टात न जाता बँकेला त्याचं वावर लिलावात काढता येऊ नये. ते वगळणं तसंच राहावं. मात्र जप्तीच्या अधिकाराबरोबर बोजा उतरवण्याचं कर्तव्यही बाहेर पडलं, आणि त्याच्या जागी शेतजमिनीसाठी दुसरं कुठलं कर्तव्य कुणी लिहिलं नाही.

जुना कायदा कर्जदाराच्या विरोधात आहे हेही कबूल करायला हवं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ६० मध्ये गहाण सुटल्यावर धनकोनं कागद परत द्यावे, हक्क सोडल्याचं लिहून नोंदवून द्यावं असं म्हटलं आहे, पण गहाण ठेवणाऱ्याच्या खर्चानं. तेव्हा ते ठीक होतं. धनको म्हणजे गावचा सावकार, आणि परतीचा दस्त म्हणजे स्टँप, नोंदणी, साक्षीदार, तालुक्याची फेरी. आज धनको म्हणजे हजारो शाखांची बँक आणि परतीचा दस्त म्हणजे संगणकावरचा एक अर्ज, ज्याचं लॉगिन बँकेकडे आधीच आहे. खर्च जवळपास शून्यावर आला तरी हेलपाटा ऋणकोच्याच वाट्याला राहिला. महसूल संहितेतलं वर्दीचं, म्हणजे कळवण्याचं, कलम, १४९, तेही मिळवलेल्या हक्काबद्दल बोलतं : हक्क मिळाला की तीन महिन्यांत पटवाऱ्याला कळवा. संपलेल्या हक्काची वर्दी कुणी द्यायची, हे ते तितकं स्पष्ट सांगत नाही. त्या रिकाम्या जागेत शेतकरी उभा आहे, हातात नील दाखला घेऊन.

बँकवाल्यांशी माझी यावर वादावादी होते. त्यांचा एक मुद्दा बिनतोड आहे. पीक कर्ज हे चालू खातं आहे. मार्चअखेर भरायचं, एप्रिलमध्ये पुन्हा उचलायचं, नवं-जुनं करायचं. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत भरलं तर व्याज शून्य टक्के पडतं, त्यामुळे जो तो वेळेवर भरतो आणि लगेच उचलतो. दरवर्षी बोजा उतरवायचा आणि चढवायचा म्हटलं तर पटवाऱ्याला दुसरा धंदाच उरणार नाही. बरोबर. मी ते मागतच नाही. खातं चालू आहे तोवर बोजा राहू द्या. शेतकऱ्यानं खातं बंद करतो असं लिहून दिलं, किंवा मुदत संपून नूतनीकरण झालं नाही आणि येणं शून्य आहे, तर तिथून ३० दिवस मोजा.

दुसरा मुद्दा मला पटत नाही. ‘बोजा राहिला तर बिघडलं काय, त्याला परत आमच्याकडेच यायचं आहे.’ यातच सगळं आलं. फिटलेला बोजा हे गिऱ्हाईक बांधून ठेवायचं साधन झालं आहे. शेजारच्या बँकेचे साहेब चांगले, कर्जमर्यादा जास्त, तरी जाता येत नाही. आणि मुळात तारण किती कर्जाला मागायचं? रिझर्व्ह बँकेनं विनातारण शेती कर्जाची मर्यादा २०१९ मध्ये १ लाख ६० हजार केली आणि १ जानेवारी २०२५ पासून २ लाख. तरी दीड लाखाच्या पीक कर्जाला बोजा चढलेले उतारे माझ्या टेबलावर येतात. बँक म्हणते पद्धत आहे, शेतकरी म्हणतो साहेबांनी सांगितलं.

तिसरा मुद्दा जरा नाजूक. बोजा असला तर निदान पोरं दारूपायी वावर विकणार नाहीत, असं म्हणणारे म्हातारे गावोगाव आहेत. काही बायाही म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी कसं म्हणू? पण घर राखायचं काम बँकेच्या शिळ्या ओळीवर सोपवणं ही तात्पुरती सोय झाली. बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून चढवा. त्यासाठी लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ पासून आहे.

या सगळ्याला विदर्भात एक काळी बाजू आहे. शेतकऱ्यानं आत्महत्या केली तर एक लाखाच्या सानुग्रह मदतीसाठी चौकशी होते. २००६ पासूनच्या निकषांत नापिकी, कर्जबाजारीपणा आणि वसुलीचा तगादा पाहिला जातो. कर्ज बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं. तेव्हा कर्जाचा कागद शोधताना पहिल्यांदा काढतात तो सातबाराच. अवैध सावकाराचं कर्ज त्या कागदावर कधी नसतं. तो बोजा चढवत नाही, सरळ खरेदीखत करून घेतो, ‘पैसे दिले की परत फिरवून देतो’ असं तोंडी सांगून. तोंडी अटीला गहाण म्हणून किंमत नाही. अट त्याच दस्तात लिहिलेली असावी लागते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून अशी जमीन परत मिळवता येते, पण त्याला कालमर्यादा आहे, पुरावे लागतात आणि माणूस जिवंत असावा लागतो, निदान त्याच्या बायकोला व्यवहार माहीत असावा लागतो. बहुतेकींना नसतो. आता हे जोडून पाहा. फिटलेल्या कर्जाची ओळ उताऱ्यावर राहिली म्हणून बँकेचं दार बंद झालं. त्यामुळे माणूस ज्याच्याकडे गेला, त्याचं कर्ज उताऱ्यावर कधीच दिसलं नाही. खोटा बोजा दिसतो, खरा दिसत नाही. आणि पुढे सरकार दिसणाऱ्यावर निर्णय करतं.

आमच्या मुलखाला कर्जाच्या कायद्याचं वावडं नाही. मध्य प्रांतात १९३३ साली कर्ज लवाद कायदा झाला, धनको-ऋणकोंना समोरासमोर बसवून हिशेब मिटवणारा. त्यामागे पंजाबराव होते. त्या मानानं मी मागतोय ते अगदीच किरकोळ आहे. रिझर्व्ह बँकेनं २०२३ च्या परिपत्रकातल्या ‘वैयक्तिक’ या शब्दापुढे ‘आणि शेती’ जोडावं. तोवर राज्य सरकारनं सोसायट्या आणि जिल्हा बँकांपुरता आदेश काढावा, त्यासाठी दिल्ली-मुंबईच्या बँकांची परवानगी लागत नाही. कलम ४८ राज्याचंच आहे. इकरार ज्या सोसायटीनं चढवला, तिनंच ३० दिवसांत ई-हक्कमधून कमी करण्याचा अर्ज टाकावा, नाही टाकला तर गटसचिवाच्या गोपनीय अहवालात ते यावं. विलीन झालेल्या बँकेच्या बाबतीत वारसदार बँकेला जुनं खातं सापडत नसेल, तर ६० दिवसांत येणं सिद्ध करा नाहीतर तहसीलदार बोजा कमी करेल, अशी नोटीस तहसीलदारानं काढावी. पुराव्याचा भार जो येणं आहे म्हणतो त्याच्यावर. आज तो उलटा आहे.

हे होईल तेव्हा होईल. येत्या मार्चमध्ये जे कर्ज बंद करणार आहेत त्यांनी नील दाखला घेताना काउंटर सोडण्याआधी त्यावर तीन गोष्टी लिहून घ्याव्या : गट क्रमांक, ज्या फेरफारानं बोजा चढला तो क्रमांक, आणि ‘सदर बोजा कमी करण्यास हरकत नाही’ हे वाक्य. फेरफार क्रमांक आपल्या उताऱ्यावर त्या ओळीच्या शेवटीच असतो. बँकेला लेखी अर्ज द्या की तुम्हीच ई-हक्कवर टाका, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. महिनाभरानं पंधरा रुपये भरून डिजिटल सातबारा काढा. पूर्वी कमी झालेल्या बोजाला कंस करायचे, आता नव्या नमुन्यात आडवी रेघ असते. रेघ दिसली नाही तर ती पोच घेऊन या, पुढचा अर्ज मी लिहून देतो.